पुरस्कारयोग्य बालसाहित्य : निकषांचा प्रश्न आणि वऱ्हाडचे मूल

अकोल्यात फेब्रुवारी १९८१ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गो. नी. दांडेकर होते. त्यांचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने घर सोडून गेलेला हा मुलगा अध्यक्ष म्हणून वऱ्हाडात परतला, तेव्हा त्याच्या नावावर साहित्य अकादेमीचा पुरस्कार जमा होऊन काही वर्षे लोटली होती. तो मिळाला होता १९७६ साली, ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनाला. ‘स्मरणगाथे’तला घर सोडणारा, भटकणारा, गाडगेबाबांच्या सहवासात आलेला मुलगा मराठी वाचकाने आपला मानला आणि ते योग्यच झाले. परंतु याच लेखकाने मुलांसाठीही विपुल लिहिले आहे. ‘आईची देणगी’सारखी त्यांची पुस्तके घराघरांत वाचली गेली. या पुस्तकांचा विचार कोणत्याही मोठ्या पुरस्काराच्या संदर्भात झाला नाही, आणि तो व्हायला हवा होता असे कुणी म्हटलेही नाही. त्या न म्हणण्यातच मराठी समीक्षेची एक भूमिका दडलेली आहे.

ही भूमिका थोडक्यात अशी : बालपण हा मोठ्या साहित्याचा विषय होऊ शकतो, मूल हा मोठ्या साहित्याचा वाचक होऊ शकत नाही. साहित्य अकादेमीच्या १९५५ पासूनच्या मुख्य मराठी पुरस्कारांची यादी पाहिली तर हे स्पष्ट होते. ‘स्मरणगाथा’ तेथे आहे. शाळेसाठी झगडणाऱ्या मुलाची आनंद यादव यांची ‘झोंबी’ १९९० मध्ये आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८१) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८८) ही आत्मकथनेही बालपणाच्या दाहक अनुभवावरच उभी आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला १९८३ मध्ये पुरस्कार मिळाला. त्यातली पात्रे वानरे आहेत, आणि दहा-बारा वर्षांचे धीट मूल ती कादंबरी श्वास रोखून वाचू शकते. मात्र मुलांसाठी म्हणून लिहिलेले एकही पुस्तक या यादीत नाही. बालपणाकडे मागे वळून पाहणारा प्रौढ तिथे वारंवार सन्मानित झालेला दिसतो. समोर बसलेल्या मुलाशी बोलणारा लेखक तिथपर्यंत पोहोचत नाही.

मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना अकादेमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्काराचे वेगळे दालन उघडून दिले. ही घटना स्वागतार्ह होती. मराठीत बालनियतकालिकाची परंपरा जुनी. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ चे. ‘आनंद’ मासिक १९०६ चे, ‘किशोर’ १९७१ चे. एवढ्या दीर्घ परंपरेला राष्ट्रीय पातळीवरचा मान मिळायला एकविसाव्या शतकाचे पहिले दशक संपावे लागले. भा. रा. भागवत २००१ मध्येच गेले होते. वेगळे दालन हा मान असतो तसा तो विभक्त चुलीचा प्रकारही असतो. मुख्य पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये, बालसाहित्याची पन्नास हजार. रकमेवरून साहित्याची प्रत ठरवू नये हे मान्य, परंतु ज्यांनी रकमा ठरवल्या त्यांनी काही एक ठरवले हेही नाकारता येत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब वेगळी आहे. मराठीसाठी हा पुरस्कार २०१३ मध्ये अनंत भावे, २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे, २०१५ मध्ये लीलाधर हेगडे, २०१६ मध्ये राजीव तांबे आणि २०१८ मध्ये रत्नाकर मतकरी यांना मिळाला, तो ‘एकूण योगदाना’साठी. यातले एकही नाव अपात्र नाही. प्रश्न नावांचा नाही, ‘योगदान’ या कोटीचा आहे. योगदान हा समाजकार्याच्या परिभाषेतला शब्द आहे. कादंबरीकाराला पुरस्कार देताना कादंबरी वाचावी लागते. तिची रचना, तिचे निवेदन, तिच्यातले फसलेले प्रकरण यांविषयी परीक्षकाला स्वतःशी तरी बोलावे लागते. योगदानाला पुरस्कार देताना एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचण्याची सक्ती उरत नाही, आयुष्यभराच्या सेवेची कृतज्ञ नोंद घेतली की काम भागते. या काळात मराठी बालसाहित्यातले नेमके कोणते पुस्तक श्रेष्ठ, आणि ते का, हे सांगण्याची संधी समीक्षेने अशा रीतीने हातची घालवली. माधुरी पुरंदरे यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ‘राधाचं घर’ हे चित्र आणि मजकूर एकाच हाताने घडवलेले काम आहे. शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगते, आणि चित्र जिथे थांबते तिथे वाक्य सुरू होते. वाक्ये इतकी साधी की त्यांच्या साधेपणामागची शिस्त चटकन दिसतच नाही. अशा पुस्तकाला नाव घेऊन पुरस्कार दिला असता, तर चित्र हा साहित्यकृतीचा घटक मानायचा की सजावट, हा प्रश्न मराठी समीक्षेला सोडवावा लागला असता. ‘एकूण योगदान’ म्हटल्यामुळे तो टळला.

२०१९ पासून दरवर्षी एकेका पुस्तकाचे नाव पुढे येऊ लागले. सलीम सरदार मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’, आबा गोविंदा महाजन यांचे ‘आबाची गोष्ट’, संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंग’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, एकनाथ आव्हाड यांचे ‘छंद देई आनंद’, भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, आणि २०२५ मध्ये सुरेश सावंत यांचे ‘आभाळमाया’. कथा, कादंबरी, कविता असे वैविध्य येथे आहे. मोठ्यांच्या कथेत स्थान मिळवलेला सासण्यांसारखा लेखकही आहे. आता चर्चा पुस्तकांची व्हायला हरकत नाही. परंतु चर्चा कोणत्या निकषांनी करायची, याबाबत मात्र फारशी वाटचाल झालेली नाही. बालसाहित्याची परीक्षणे अजून ‘मनोरंजनातून संस्कार’ या एका वाक्प्रयोगाभोवती फिरताना दिसतात.

अडचण तात्त्विक आहे हे मान्य केले पाहिजे. कथा, कादंबरी, कविता, नाटक हे प्रकार घाटावरून ओळखले जातात, बालसाहित्य हा एकच प्रकार वाचकावरून ओळखला जातो. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाला वाचकाच्या वयाशी कर्तव्य नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातला सहृदय हा काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा रसिक आहे, आणि मुलापाशी नेमका हा अभ्यासच नसतो. त्यामुळे मूल हे सहृदय नव्हे असे गृहीत धरले जाते आणि मग त्याच्या वतीने मोठ्यांनी निवाडा करणे ओघानेच येते. पुरस्काराच्या न्यायासनासमोर ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले तो वाचक कधीच उभा नसतो. हे टाळता येण्यासारखेही नाही, परीक्षक मोठेच असणार. मात्र निदान आपण कुणाच्या वतीने बोलत आहोत याचे भान त्यांना ठेवता येते.

या ठिकाणी मम्मटाच्या परंपरेतला एक भेद उपयोगी पडेल. शास्त्र हुकूम देते तो प्रभुसंमित उपदेश, पुराणे मित्रासारखी समजावतात तो सुहृत्संमित आणि काव्य प्रियेसारखे आपलेसे करून सांगते तो कान्तासंमित. मराठी बालसाहित्याचा मोठा भाग प्रभुसंमित आहे. खोटे बोललेला मुलगा शेवटच्या पानावर पस्तावतो, झाड तोडणारा रडतो, आजी तात्पर्य सांगते. पुरस्कारयोग्य बालसाहित्याने काव्याच्या तिसऱ्या पायरीवर चढावे असा हट्ट नको, दुसऱ्या पायरीवर ते आले तरी पुष्कळ. मित्र आपल्याला एखादी गोष्ट सांगतो तेव्हा तो आपल्यापेक्षा वरच्या आसनावर बसलेला नसतो आणि गोष्टीचा शेवट त्यालाही नीट ठाऊक नसतो.

हेतू असणे हा दोष नव्हे, हेही येथेच म्हटले पाहिजे. स्वीडिश शिक्षकांच्या संघटनेने शाळेसाठी भूगोलाचे वाचनपुस्तक लिहून मागितले, आणि सेल्मा लागरलॉफने १९०६-०७ मध्ये नील्स होल्गरसनची गोष्ट लिहिली. बोटभर झालेला मुलगा हंसाच्या पाठीवर बसून सारा देश खालून सरकताना पाहतो. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, लागरलॉफला नोबेल मिळाले. मागणीबरहुकूम लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातूनही साहित्य उभे राहिले, कारण प्रांतांची नावे पाठ करून घेण्याऐवजी लेखिकेने त्या मुलाला प्रांताप्रांताच्या मातीवर उतरवले. इंग्लंडमध्ये फिलिप पुलमनच्या ‘द अँबर स्पायग्लास’ या पुस्तकाने २००१ चा व्हिटब्रेड पुरस्कार बालविभागात जिंकला आणि नंतर सर्व विभागांतले वर्षाचे सर्वोत्तम पुस्तक म्हणूनही जिंकला. मुलांच्या पुस्तकाला तो मान मिळण्याची ती पहिली वेळ. तिथेही दालन वेगळे होते, पण दालनाला मोठ्या दिवाणखान्यात उघडणारे दार होते. आपल्याकडे तसे दार नाही.

आता वऱ्हाडकडे वळावे. पुरस्कारांच्या मोजदादीत हा प्रदेश दुर्लक्षित आहे असे म्हणता येणार नाही. १९७६ चा अकादेमी पुरस्कार परतवाड्यात जन्मलेल्या दांडेकरांचा, तर लगेच पुढच्या वर्षीचा मूर्तिजापुरात जन्मलेल्या कवी अनिलांचा, ‘दशपदी’साठी. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांना १९८६ मध्ये ‘खूणगाठी’साठी तो मिळाला. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ साली अमरावतीतच झाली. अकोल्याने १९१२ मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवले होते आणि अमरावतीने १९८९ मध्ये शांताराम यांच्या अध्यक्षतेखाली. साहित्यव्यवहाराची एवढी जुनी वहिवाट असलेल्या या भागातल्या मुलाच्या हाती मराठीचे पुस्तक येते, तेव्हा त्यात त्याचे काय असते?

प्रथम भाषा. वऱ्हाडातले मूल घरी ‘मले’, ‘तुले’ म्हणते, ‘काहून’ असे विचारते, सवंगड्यांना ‘पोट्टे’ म्हणते. पुस्तकात त्याला ‘मला’, ‘तुला’, ‘का’ आणि ‘मित्रांनो’ भेटतात. प्रमाणभाषा शिकायला हवी यात वाद नाही, ती शिकवणे हे शाळेचे काम आहे. परंतु गोष्टीच्या पुस्तकाचे काम ते नव्हे. गोष्टीतल्या आईने आपल्या आईसारखे बोलावे, ही अपेक्षा वाचकाच्या प्राथमिक अपेक्षांपैकी आहे. मोठ्यांच्या साहित्यात ती केव्हाच मान्य झाली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधली कौतिक वऱ्हाडीत बोलते, आणि त्या बोलीमुळे तिचे दुःख अधिक थेट पोहोचते, हे मराठी समीक्षेने आदराने नोंदवलेले आहे. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ (१९९४) पासूनच्या कथांत लंपन नावाचा मुलगा बेळगावकडच्या वळणाने बोलतो आणि मराठी वाचक त्याच्या त्या बोलण्यावरच लुब्ध झाला. मुलाची प्रादेशिक भाषा साहित्यात चालते, चांगलीच चालते, मात्र पुस्तक मोठ्यांचे असले तर. तेच पुस्तक मुलांसाठी आहे असे म्हटले की ‘इतर भागांतल्या मुलांना हे कळेल का’ असा प्रश्न उभा राहतो. कोकणातल्या श्यामची गोष्ट वऱ्हाडातल्या मुलांना कळेल का, हा प्रश्न १९३५ नंतर कुणाला पडला नव्हता. तो पडायचे कारणही नव्हते. मुले न कळलेल्या शब्दावरून उडी मारून पुढे जातात आणि परतताना तो शब्द उचलून आणतात.

बोली वापरण्यात एक धोका आहे आणि तो लपवू नये. वऱ्हाडी ही रंगमंचावर आणि कविसंमेलनांत हमखास हशा पिकवणारी बोली झाली आहे. बालकथेत एखाद्या पात्राच्या तोंडी ती घातली की ते पात्र गमतीचे होऊन बसते. निवेदन प्रमाण मराठीत आणि एखादा म्हातारा गडी तेवढा वऱ्हाडीत, ही मांडणी मुलाला एवढेच शिकवते की आपण हसण्याजोगे बोलतो. अशा पुस्तकापेक्षा शुद्ध प्रमाण मराठीतले पुस्तक बरे. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या ‘तिफन’मध्ये पेरणीच्या श्रमाला वऱ्हाडीतच गांभीर्य आले आहे. ती कविता मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण मुलांच्या तोंडी सहज बसते. बोली विनोदापुरती नाही हे तिने दाखवून दिले आहे. ते काम बालकथेला अजून करायचे आहे.

दुसरी गोष्ट अनुभवाची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जातो. तिथल्या मुलाला विहिरीचे पाणी खारट असते हे वर्गातल्या धड्याआधी कळते. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली पटसंख्या कशी उतरते हे त्याला ठाऊक असते. वडिलांच्या डोक्यावर कर्ज आहे हे त्याला सांगितले जात नाही, आणि तरी ते त्याला कळलेले असते. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर मोठ्यांसाठी कथा-कादंबऱ्या, कविता, नाटके लिहिली गेली. ज्या घरात ती घटना घडली त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाने काय वाचावे, हा विचार साहित्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्या मुलाला दुःखाची गोष्ट नको असते, त्याला आनंदी काहीतरी द्यावे, असे यावर सांगितले जाते. हा युक्तिवाद दयाळू आहे, खरा नाही.

खरा का नाही, याचे उत्तर वऱ्हाडातल्या मुलींकडेच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी होतात, निदान होत असत. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. आठ-दहा वर्षांच्या मुली फेर धरून जे गातात त्यात माहेराची ओढ आहे, पण सासू-सासऱ्यांचा जाच, रुसवा, मार, उपासमारही आहे. एकापुढे एक साखळीसारख्या जोडलेल्या ओळी, निरर्थकाकडे झुकणारे यमक, मध्येच एकदम काळजात शिरणारा तपशील, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा वाजवून आत काय आहे ते सांगायचे, चुकले की पुन्हा विचारायचे. अत्यंत कठीण आशय आणि अत्यंत खेळकर रूप यांचे हे एकत्र येणे कोणत्याही साहित्यशास्त्राला विचारात घ्यावे लागेल असे आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांतही असेच यमक आणि अशीच धार असते. मालक, सावकार, सरकार, कुणीच तिच्यातून सुटत नाही, आणि बैल धरून उभी असलेली पोरे त्या ऐकून पाठ करतात. संस्कार करण्याचा कोणताही संकल्प या रचनांमागे नाही. त्यांनी मुलांची भाषा घडवली, ती कोणत्याही सुभाषितसंग्रहापेक्षा कमी नाही.

पुरस्काराचा निकष येथून घेता येईल. मुलांच्या पुस्तकाचा आशय किती निर्मळ आहे हे पाहण्यापेक्षा, तो आशय कोणत्या खेळात गुंफला आहे आणि त्या खेळात मुलाला स्वतःची चाल खेळता येते का, हे पाहावे. खिरापत ओळखण्यात सारी मजा ओळखण्याची आहे. डबा उघडून दाखवला की ती संपते. बहुसंख्य बालकथा डबा उघडूनच समोर ठेवतात. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’ला काळ झिजवू शकला नाही याचे एक कारण हेच की त्या देशाचा अर्थ कवीने सांगून टाकलेला नाही. करंदीकरांना २००३ चे ज्ञानपीठ मिळाले तेव्हा त्यांच्या बालकवितांचा उल्लेख गौरवपर लेखांत झाला, पण तो मोठ्या कवीचा एक लोभस पैलू म्हणून. त्या कविता हा त्यांच्या काव्याचा गाभा मानता येईल का, असा प्रश्न पुढे आला असता तर मराठी समीक्षेची पुष्कळ घडी विस्कटली असती.

या निकषाने पाहिले तर संस्कारवादी पुस्तके बाजूला पडतात, त्याचबरोबर आजची बरीच ‘आधुनिक’ पुस्तकेही बाजूला पडतात. पर्यावरण, समता, मोबाइलचे दुष्परिणाम हे विषय नवे असतील, त्यांची मांडणी जुन्या तात्पर्यकथेचीच आहे. विषय बदलल्याने प्रभुसंमिताचे सुहृत्संमित होत नाही. उलट वऱ्हाडच्या खारट विहिरीवर बेतलेले, बोलीचा मान राखणारे, पण कसलाच निष्कर्ष न काढणारे पुस्तक कुणी लिहिले, तर आजच्या पुरस्कार-व्यवहारात त्याची गत काय होईल? बालविभागात ते ‘जड’ ठरेल आणि मुख्य विभागात ‘मुलांचे’. लेखकांना हे कळत नाही असे नाही, आणि कदाचित म्हणूनच ते पुस्तक लिहिले जात नाही. पुरस्काराचा परिणाम मिळालेल्या पुस्तकांवर असतो त्याहून अधिक न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांवर असतो, हे परीक्षकांनी ध्यानात घेतलेले बरे.

एक प्रश्न या चर्चेच्या काठावर उभा आहे. अमरावती जिल्ह्यातच, दांडेकरांच्या परतवाड्याहून घाट चढून गेले की मेळघाट लागतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कितीतरी मुलांची घरची भाषा कोरकू आहे, मराठीशी नाते नसलेल्या मुंडा कुळातली. अकादेमी ज्या चोवीस भाषांत पुरस्कार देते त्यांत कोरकू नाही. त्या मुलाला मराठी हीच पुस्तकाची भाषा म्हणून भेटते, आणि वऱ्हाडीचा जो दुरावा सपाटीवरच्या मुलाला जाणवतो तो त्याच्या बाबतीत कैक पटींनी वाढलेला असतो. उद्या एखाद्या लेखकाने कोरकू आणि मराठी अशा दोन्ही भाषा एका पानावर नांदवून मुलांचे पुस्तक रचले, तर ते कोणत्या भाषेच्या परीक्षकांपुढे ठेवायचे, आणि त्यातली कोरकू कुणी वाचायची?